डेंग्यूमुक्त गल्ली

३ जून, सेरेनो

पोहोचले एकदाची! खोली निदियाबाईंकडे. पंखा आहे, फिरत नाही. "फिरला की खडखडतो पोरी, झोप मोडते!" वा!

बारांकियाच्या विद्यापीठातून प्रोफेसर फाहार्दोंचा फोन. तेच पुराण — "यादिरा, तुलना करायची तर जुळ्या बहिणी शोध. सगळं सारखं, एकच गोष्ट वेगळी." शोधल्या की! नदीच्या अलीकडे सेरेनो, पलीकडे पालोमार. तोच चिखल, तेच डास. नळ दोन्हीकडे कोरडे, म्हणून घराघरात पाण्याच्या टाक्या. बेवडेसुद्धा साधारण सारखेच असावेत. फरक एवढाच — पालोमारात बायकांचं पथक घरोघर टाक्या घासतं. सेरेनोत टाकीला कुणी हात लावत नाही, तिथे बक्षीस! ज्या गल्लीत वर्षभर डेंग्यूचा एकही रुग्ण नाही, तिला जत्रेत पिको फुकट. म्हणजे भिंतीएवढे स्पीकर, वर बिअर, पहाटेपर्यंत नाच.

आणि डेंग्यू कुठे? पालोमारात. ढिगाने! सेरेनोत औषधालासुद्धा नाही.

५ जून

होडीने पालोमारला. पथकाची मुख्य एनेल्दा. कोपरापर्यंत ओली, हातात ब्रश, जिभेवर मिरची.

"या मॅडम. आमच्या मयताला आलात?"

मी हसले. ती हसली नाही. सरकारने आधीच सांगून ठेवलंय — माझ्या अहवालात ज्या गावाची पद्धत सरस, ती सगळ्या जिल्ह्यात. दुसरी बंद. म्हणजे एनेल्दाचं पथक घरी.

"आम्ही हात सोलवटेपर्यंत घासायचं आणि आजारीही आम्हीच पडायचं. ते नुसते नाचतात आणि ठणठणीत! डासांनाही गाणी आवडतात वाटतं."

मी म्हणाले, आकडे खोटं बोलत नाहीत. केवढी मी शहाणी!

६ जून

सेरेनोत दिवसभर मुलाखती. "डेंग्यू? छे! नाव काढू नका." सगळे हेच म्हणतात, आणि तेही कुजबुजत.

८ जून

निदियाबाईंच्या टाकीत डोकावले. अळ्यांचा नुसता बुजबुजाट! बाईंना दाखवल्या.

"मासोळ्या आहेत गं त्या. मोठ्या झाल्या की तळू."

फाहार्दोंना सांगितलं. ते म्हणाले, "एका टाकीवरून धोरण ठरत नाही. मसुदा पाठव."

९ जून

चार टाक्या आणखी पाहिल्या. चारही तशाच. प्रोफेसर म्हणाले, "मसुदा."

११ जून

पाठवला. सेरेनो सरस. सोमवारी बैठक, तिथेच शिक्का.

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. एनेल्दाचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. वाईट वाटतंय, खूप. पण मला काय वाटतं त्याचा तक्ता होत नाही ना!

१२ जून

पिकोवाला गल्लीची रुंदी मोजून गेला. निदियाबाईंनी त्याला बजावलं, "गेल्या वर्षी आवाज कमी होता. माझी एक तरी खिडकी फुटली पाहिजे!" खरंच म्हणाल्या.

अंग कसकसतंय. मसुद्याचा शीण, दुसरं काय.

१४ जून, रविवार, पालोमार

ताप. हाडं ठेचल्यासारखी दुखतायत. सकाळी मी "डॉक्टर" म्हणाले मात्र, निदियाबाईंनी तोंडावर हातच ठेवला. "हळू बोल, सटवे! गल्ली बाद होईल!" चादरीत गुंडाळून मला होडीत घातलं. होडीत आधीच तिघे सेरेनोकर कण्हत बसलेले. बाई म्हणाल्या, "आम्ही सगळे तापाला पलीकडेच जातो गं. पत्ता तिकडच्या मावशीचा सांगायचा. डॉक्टर दरवर्षी नवा येतो, त्याला काय कळतंय!"

डॉक्टर नवाच. मिसरूडही धड फुटलेलं नाही. तिघांनी पालोमारातल्या तीन मावश्या सांगितल्या. माझा नंबर आला. "डेंग्यू. राहता कुठे?"

"सेरेनो."

निदियाबाईंनी कपाळावर हात मारला. खिडकीबाहेर एनेल्दा दवाखान्याची टाकी घासत होती. ब्रशचा आवाज थांबला.

"काय म्हणालात, मॅडम?"

पुन्हा सांगितलं. मोठ्याने.