डेपोमागचं शौचालय

सोमवार, ४ मे

आज सकाळी एक कप चहा घेतला, त्यानंतर पाण्याचा थेंब नाही. मुद्दाम. चौदा घरं, चौदा औषधांच्या पिशव्या आणि वाटेत एकही शौचालय उघडं नाही. बागेतलं बंद. बाजारातलं बंद. पेट्रोल पंपावरच्याला साखळी. साथ आली तेव्हापासून सगळ्यांचा समज झालाय की माणसं नुसती खातात-पितात, पुढचं काही करत नाहीत!

दुपारी एका गिऱ्हाईक बाईंना विचारलंच. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दर आठवड्याला मीच पोचवते. बोलायला गोड. दारातूनच म्हणाल्या, "अगं, तू दिवसभर कुठे कुठे फिरतेस... राग मानू नकोस हं." पिशवी पायरीवर ठेवली, निघाले. स्कूटरवर बसताना डोळ्यांत पाणी आलं. अपमानापेक्षा कळच जास्त होती.

मंगळवार, ५ मे

दादाचा फोन. "धाकटी काय म्हणतेय?"

हे आमचं जुनं. सहा वर्षांपूर्वी माझी एक किडनी त्याला दिली. त्याच्याकडे गेली ती थोरली, माझ्याकडे राहिली ती धाकटी. "मजेत आहे," म्हटलं. "पाणी पाजतेस ना तिला?" हो म्हटलं. खोटं बोलले.

गुरुवार, ७ मे

काल रात्रीपासून थंडी वाजून ताप. वाटलं, आली साथ! तपासणी केली. साथ नाही, लघवीचा संसर्ग. जळजळ अशी की भिंत धरून उभी राहत होते.

डॉक्टरांनी फोनवरच झापलं. "एकच किडनी आहे तुम्हाला, आणि तुम्ही पाणी तोडलंत? चालवा असंच. मग आठवड्यातून तीनदा माझ्याकडे मशीनवर झोपायला या." सात दिवस गोळ्या. रोज तीन लिटर पाणी. ते सोडायचं कुठे, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

औषधाच्या दुकानाचे काका म्हणाले, महिनाभर घरी बस, मी दुसरं कुणी बघतो. नाही म्हटलं. म्हातारी माणसं दाराआड अडकून पडलीत, त्यांच्या इन्सुलिनला काही पाय फुटणार नाहीत. आणि खरं सांगायचं तर मला हे काम आवडतं. बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा कुणी माझी वाट बघतंय. सोडणार नाही. पाणीही सोडणार नाही. बघू काय होतं ते.

शनिवार, ९ मे

डायपर. दुकानातलेच, मोठ्या माणसांचे. काकांनी "साइज?" एवढंच विचारलं आणि पुढे दहा मिनिटं कपाटात डोकं घालून बसले.

वरून अंगभर रेनकोट, कारण संरक्षणाचा पोशाख म्हणून दुकानाने तोच दिलाय. उन्हात! पहिला तास काही होईचना. मनच तयार नाही, चाळीस वर्षांची शिस्त! मग झालं. आणि तसंच पाच तास स्कूटरवर. मांड्या सोलून निघाल्या. संसर्ग झालेल्या बाईने हे करायचं नसतं, एवढी अक्कल घरी आल्यावर आली. परत नाही.

सोमवार, ११ मे

सापडलं!

एका ट्रकवाल्याने सांगितलं. "ताई, डेपो बंद आहे, पण मागच्या भिंतीला जा. लोक ताटं घासत नाहीत तसा ती मावशी संडास घासते." गेले. खरंच. बायकांच्या बाजूला दोन खोल्या, एकीत बादल्या-झाडू, दुसरी चालू. बाहेर स्टुलावर मावशी. गुडघ्यापर्यंत गमबूट, तोंडाला फडकं, नजर अशी की हेडमास्तरीण बरी.

त्यांची पद्धत पक्की. कुणी बाहेर पडलं की त्या आत. ब्लीचचं पाणी, कडी, नळ, भिंत हात पोचेल तिथवर. मग दार सताड उघडं टाकायचं आणि त्यावर खडूने वेळ लिहायची. त्या वेळेनंतर दहा मिनिटं झाल्याशिवाय कुणालाही प्रवेश नाही. मग तुम्ही पाय आवळून नाचा नाहीतर रडा. मी नाचले. मावशी म्हणाल्या, "अजून चार मिनिटं."

रेनकोट गळ्यापर्यंत गुंडाळून हनुवटीखाली धरला, कडी कोपराने लावली. बाहेर आले आणि तिथेच उभी राहून अर्धी बाटली रिकामी केली. किती दिवसांनी पाणी गोड लागलं.

मंगळवार, १२ मे

सगळा फेराच बदलला. डेपो मध्ये धरून आखला. साडेदहा, दीड, साडेचार, तीनदा मावशींकडे. रात्री दादाला सांगितलं, "धाकटीला आज अडीच लिटर." "आज?" त्याने विचारलं. म्हणजे आधी पाजत नव्हते, हे त्याला कळलं.

बुधवार, १३ मे

तीन लिटर. ताप नाही.

शुक्रवार, १५ मे

शौचालयाच्या दारावर कागद चिकटलाय. बुधवार दिनांक वीसपासून बंद, पुढील आदेशापर्यंत. कारण – संसर्गाचा धोका. मावशींना वाचून दाखवला.

मावशी म्हणाल्या, "नीट वाच गं. बुधवारपासूनच ना? नक्की?" आवाज कापत होता. नोकरीच्या काळजीने घाबरल्या असणार. म्हटलं, "मावशी, काळजी करू नका. मी आहे ना. कुलूप लागू देणार नाही." त्यांनी खडू उचलून दारावर वेळ लिहिली.

तशीच वॉर्ड ऑफिसात गेले. काचेपलीकडे साहेब.

"अशा ठिकाणांहूनच पसरते साथ."

"आणि लोक रस्त्याच्या कडेला बसले की नाही पसरत?"

"एका बाईसाठी आदेश फिरत नसतो. किती जण वापरतात, काही पुरावा आहे?"

पुरावा पाहिजे काय. देते पुरावा.

शनिवार, १६ मे

अर्ज लिहिला. चारदा. पहिल्या तिन्हींत साहेबांना शिव्या होत्या.

सह्यांचा कागद मावशींच्या स्टुलाजवळ खिळ्याला टांगला. पण पेनला कोण हात लावणार? मावशींनीच तोडगा काढला. प्रत्येक सहीनंतर ब्लीचच्या फडक्याने पेन पुसून पुढच्याला द्यायचं. दिवसभर पुसत होत्या बिचाऱ्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत.

हॉस्पिटलातल्या दोन नर्सनी सह्या केल्या. रस्ते झाडणाऱ्या सहा जणींनी. टॅक्सीवाल्याने. ड्युटीवरची पोलीसबाई म्हणाली, "मी सरकारी माणूस, मला यात ओढू नका," आणि दीडच्या फेरीला बघते तर तिची सही सगळ्यात मोठी. ट्रकवाला म्हणाला, "आमचं काय, आम्हाला झाडं आहेत. पण ताई, तुमच्यासाठी करतो."

संध्याकाळपर्यंत सत्तावीस. मावशींना दाखवलं. "बरीच झाली की," म्हणाल्या आणि बादली उचलून आत गेल्या. भारावल्या असतील.

रविवार, १७ मे

एक्केचाळीस! सुट्टी असून तीनदा जाऊन आले.

सोमवार, १८ मे

काकांकडून अर्धा दिवस मागून घेतला. वॉर्ड ऑफिसबाहेर अडीच तास उभी. साहेब मीटिंगमध्ये, साहेब जेवायला, साहेब फोनवर. शेवटी काचेशी आले. कागद उलटा-सुलटा केला. "बघतो," म्हणाले.

मी पिशवीतून लिटरची बाटली काढली आणि त्यांच्यासमोर, मास्क खाली करून, गटागटा संपवली. त्यांना काही कळेना. म्हटलं, "साहेब, मला एकच किडनी आहे, पाणी प्यावंच लागतं. तुमच्या इथलं शौचालय बाहेरच्यांसाठी नाही, तशी पाटीच आहे. तर आता मी इथेच उभी आहे. पुढे काय करायचं ते तुम्ही सांगा."

मागचा शिपाई खोकल्याचं निमित्त करून हसला. साहेबांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "उद्या कळवतो." आणि शिपायाला म्हणाले, "यांना आतलं दाखवा."

आतलं दाखवलं. मावशींच्या पासंगालाही पुरणार नाही.

मंगळवार, १९ मे

फोन आला. डेपोमागचं शौचालय चालू राहणार. आदेश निघाला! माझ्या अर्जावर! लगेच जाऊन प्रत घेतली.

रक्ताचा रिपोर्टही आला. धाकटी ठणठणीत. दादाला दोन्ही सांगितलं. म्हणाला, "थोरली म्हणतेय, तिच्या बहिणीने मैदान मारलं." मग दोघंही रडलो. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की माझं काही बरंवाईट झालं तर ते त्याच्यामुळे. आज त्याने ते बोलून दाखवलं.

उद्या सकाळी आधी मावशींकडे. आदेशाची प्रत त्यांच्या हातात द्यायची.

बुधवार, २० मे

मावशींच्या स्टुलाजवळ कपड्यांची बांधलेली पिशवी होती. कुठे निघालात, म्हटलं.

"आता कुठे जाणार? कुलूप लागलं असतं तर सुट्टी मिळणार होती. लेकीकडे जाणार होते. दिवस भरलेत तिचे, जवळ कुणी नाही. आता म्हणतात, शौचालय चालू आहे, बदलीला माणूस नाही."

मावशी, मग बोलला का नाहीत?

"एक्केचाळीस जणांना विचारलंस," म्हणाल्या. रागावून नाही. "मला कुठे विचारलंस?"

मी आदेशाचा कागद घडी करून पिशवीत ठेवला. त्यांनी दारावरच्या खडूकडे बघितलं.

"जा आत. दहा मिनिटं झाली."

मी गेले.