मुडीवरचं टिंब

करंजवाडी, ता. पोलादपूर
६ एप्रिल १९६२

प्रिय इस्माईल,

सलाम. तुझं कार्ड पुण्याला जाऊन, तिथून फिरून इथे आलं. पोस्टमनने ते कोंडाजीदादाच्या हातात दिलं आणि दादाने चार दिवस टोपीत जपून ठेवलं, म्हणून उत्तराला उशीर. दादाचे गुडघे धरलेत, बाकी ठीक. बयावहिनीचा आवाज अजून पऱ्ह्याच्या पाण्यापलीकडून ऐकू येतो. मीही बरा आहे. केस गेले, पोट आलं, प्राध्यापकाला शोभेल असा झालोय. शाळेत मला काटकी म्हणायचास, आता रस्त्यात ओळखणार नाहीस.

तुझ्या वडिलांच्या, हुसेनचाचांच्या, दम्याचं वाचून वाईट वाटलं. मुंबईत डोंगरीतल्या त्या खोलीचे तीन जिने म्हणजे त्यांना शिक्षाच. त्यांना खिंडीतल्या घरी परत यायचंय, डोळे तिथेच मिटायचेत, आणि तू विचारतोस की आणू का? लोक काय म्हणतील?

इस्माईल, जरा थांब. बारा मेला खिंडीत समारंभ आहे. खिंडीतल्या लढाईवरच्या माझ्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती निघतेय आणि पुण्याचं एक मंडळ लढाईच्या जागी शिला बसवतंय. मोटारी येणार, भाषणं होणार. त्या गडबडीत आजारी माणसाला कशाला आणतोस? ते उरकलं की बघू.

घर तसंच आहे. कौलं थोडी सरकलीत. वाटसरूंसाठी भरून ठेवायचात तो रांजण ओट्यावर पालथा आहे.

तू विचारलं नाहीस, तरी गंमत म्हणून सांगतो. हल्ली खिंडीतून कुणी जात नाही. मोटाररस्त्याने कोसभर वळसा घालतात. भर दुपारी तिथे माणसं बसलेली दिसतात म्हणे, पंगतीला बसावीत तशी ओळीने, आणि खांद्याच्या वर काही नाही. वहिनी शपथेवर सांगते. मी म्हटलं, "आपण करवंदं काढायला जायचो, तेव्हा कुठे होती ही माणसं?" तर म्हणते, "तवा नव्हती, भावजी. मास्तरांनी तुमचा पुस्तक देवलात वाचला ना, त्याच्या मागनं आली."

पोट धरून हसलो. वीस वर्षं मी धर्मयुद्धांवर लिहितोय. लंडनला होतो तेव्हा यरुशलेमच्या वेशीवर पडलेल्यांची वर्णनं जेवताना वाचायचो. आजवर एकही मेलेला माझ्या दारात आला नाही.

चाचांना माझा सलाम सांग. औषध वेळेवर दे.

तुझा,
महिपती


करंजवाडी
२ मे १९६२

प्रिय इस्माईल,

तुझं दुसरं कार्ड पोचलं. चाचा जेवत नाहीत, खिडकीकडे तोंड करून "पोलादपूर आला का?" विचारतात, हे वाचलं. तू रागावलायस तेही कळलं. कार्डावर 'प्रिय' नव्हतं.

तुला माझा राग यावा हे बरोबरच आहे. पुस्तक आलं त्या वर्षीपासून तुमच्या रांजणाचं पाणी पिणं लोकांनी सोडलं. कुणी वावगं बोललं नाही, कुणी दगड मारला नाही, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत आलो. वाटसरू आधी मान खाली घालून जायचे, मग जायचेच बंद झाले. तीन पावसाळे तुम्ही काढलेत आणि मग मुंबई गाठलीत. मी तेव्हा पुण्यात होतो, मला विभागप्रमुख केलं होतं.

तुमच्या पेटीतल्या पत्रावर माझं सगळं उभं आहे. तुमच्या पूर्वजाने, खिंडीच्या राखणदाराने, चारशे वर्षांपूर्वी गडावर लिहिलेलं मोडीतलं पत्र. तीनच वाक्यं. "खिंडीत सातशे मुंडी पडली असे. पाऊस जालियास नासेल. बैल पाठवणे." वर्गात मी ते सावकाश वाचायचो. सातशे मुंडकी, आणि लिहिणाऱ्याला काळजी कसली, तर पावसात नासतील याची! पोरं श्वास रोखून ऐकायची. धर्माच्या नावाने माणूस किती थंड होतो, याचा दाखला म्हणून मी तुझा पूर्वज जगभर दाखवला.

आता कालचं सांगतो. शिलेची जागा आखायला येसाजी गवंड्याला घेऊन खिंडीत गेलो. बाराचा सुमार, ऊन असं की सावली पायाखाली. वारा नव्हता. येसाजी मध्येच थांबला, म्हणाला, "सायेब, बसलीत ती," आणि दोरी तिथेच टाकून उतरणीला लागला. पळाला नाही, चालतच गेला. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मला बसलेलं कुणी दिसलं नाही. मला दिसल्या मुड्या. आपण भात पेंढ्यात घालून, पेंढ्याच्याच दोरीची वेठ आवळून गोल बांधतो ना, तशा मुड्या. तुमच्या घरापासून वरच्या आंब्यापर्यंत ओळीने मांडलेल्या. आमच्या ओटीवर असायच्या तशाच, वासही तोच. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! लहान झाल्यासारखा पुढे गेलो आणि पहिलीवर हात ठेवला. गरम होती. उन्हाने असेल म्हटलं. पेंढा जरा बाजूला केला तर आत केस होते.

कुणाला बोललो नाही. दादाला वाटलं, ऊन लागलं.

चाचांना अजून आणू नकोस. एवढं ऐक.

महिपती


करंजखिंड
२० मे १९६२

इस्माईल,

तुझी तार अकरा तारखेला संध्याकाळी मिळाली. चाचा गेले. तू फक्त तेवढंच लिहिलंस आणि खाली तुझं नावही नाही.

मी "थांब" म्हणालो नसतो तर ते इथे आले असते. समारंभाचं निमित्त होतं. चाचा आले असते तर सगळ्यांसमोर त्यांनी ते पत्र तोंडपाठ म्हणून दाखवलं असतं, त्याची मला भीती होती. आता लिहितो.

एम.ए.च्या वर्षी मी तुमच्याकडे आलो होतो, तू बाजाराला गेला होतास. चाचांनी पेटी उघडली, पत्र माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "सातशे मुडी भात खिंडीत पडला व्हता रं पोरा. पावसाच्या आदी आमच्या मान्सानी गडाव पोचवला. मागं बघ, शाबासकी हाय." मागे खरंच होती. "बैल पाठविले. शाबास." चाचांनी त्या शब्दावर बोट ठेवलं आणि ते बराच वेळ तिथेच होतं. "घेऊन जा, शिकलेला हायस, जगाला दाखव," म्हणाले.

पुण्यात माझ्या सरांनी कागद पाहिला. मोडीत अनुस्वार सहसा देत नाहीत, मुडी नि मुंडी सारखंच दिसतं, तुला माहीत आहे. सर म्हणाले, "मुडी? हा काय शब्द? मुंडी असणार. अहो, हे केवढं मोठं आहे!" खोलीत आणखी चार जण होते, सगळे शहरातले. मुडी म्हणजे काय ते तिथे फक्त मला ठाऊक होतं. आमच्या घरी मी स्वतः बांधल्या होत्या, हाताला पेंढ्याचे ओरखडे होते. नुसतं म्हणायचं होतं, सर, हा आमच्याकडचा शब्द आहे, भाताची असते. लाज वाटली रे. माझ्या उच्चाराला ते आधीच हसायचे. मी म्हणालो, "होय सर, मुंडीच."

आणि मग घरी येऊन, कुणाला शंका राहू नये म्हणून, बोरूने त्या अक्षरावर एक टिंब दिलं. तुमच्या कागदावर. ते टिंब माझं आहे. लंडन, पदवी, खुर्ची, तिन्ही आवृत्त्या, सगळं त्यावर. करंजखिंडीत कधीही लढाई झाली नाही. एकही माणूस मेला नाही. तुझ्या पूर्वजाने पावसाआधी भात वाचवला, एवढंच घडलं.

बारा तारखेला मी हे व्यासपीठावर सांगितलं. कागद हातात धरून सांगितलं. अध्यक्ष हसले, म्हणाले, आपल्या प्राध्यापकांना ऊन सोसलेलं नाही. मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. तेव्हा पुढच्या रांगेतून कोंडाजीदादा उठला. माझा सख्खा भाऊ, ज्याने माझ्या फीसाठी बैल विकला.

"मह्या, खाली बस," तो म्हणाला. "मेली नाय म्हन्तोस? मग आमी रोज बघतो ती कोन हायत?"

मागून वहिनी म्हणाली, "त्यांच्या देखत नका असा बोलू, भावजी." आणि सगळ्यांनी शिलेपुढे नारळ फोडले. भाताचे मुटके ठेवले, हळद-कुंकू वाहिलं. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. बघत होते ते माझ्या मागे, खिंडीच्या तोंडाकडे.

विद्यापीठाला राजीनामा आणि खुलासा पाठवलाय. वर्तमानपत्रांनाही लिहिलं, छापतील न छापतील. पत्र सोबत रजिस्टरने पाठवतोय. टिंब खरवडू नकोस, कागद जीर्ण आहे, फाटेल. मागची बाजू वर करून ठेव.

विचारल्याशिवाय तुमच्या घराचं कुलूप काढलं, आठ दिवस इथेच राहतोय. कौलं नीट केली. रांजण उलथून सुलटा केला, पऱ्ह्यावरून कळशीने भरतो. वाटलं होतं, मी पाणी प्यायलो तर बाकीचे पितील. कुणी येत नाही. दादा वरच्या वाटेवरून हाका मारतो आणि जातो.

पण बारा वाजले की ते येतात. आता मलाही मुड्या दिसत नाहीत, तेच दिसतात, ओट्यापर्यंत रांग लावून. मी त्यांना सांगून पाहिलं की तुम्ही नाही, तुम्ही कधीच नव्हता, माझी चूक आहे. त्यांना कान कुठे आहेत? त्यांना तहान लागलीय, इस्माईल. ओंजळी पुढे करतात आणि मी ओततो. प्यायला तोंड नाही त्यांना, सगळं पाणी बोटांतून गळून जातं, आणि ते पुन्हा ओंजळ पुढे करतात.

मला माफ करू नकोस. आणि इकडे येऊ नकोस.

चाचांनी ज्याला पोरा म्हणून कागद दिला तो,
महिपती