लगद्याच्या फळ्या

आसगाव,
ता. १८ मे १९८०

केशरच्या बाबांना रुखमिणीचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

इकडे सगळे बरे आहोत. माईंचा गुडघा आता फारसा दुखत नाही. केशर चौथी पास झाली. तुमची पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला, कारण हात सारखे लगद्यात होते.

हसू नका. कागदाच्या लगद्याच्या टोपल्या तर आपल्याकडे घरोघरी होतात. आपलं घर जळालं तेव्हा राखेत माझी एक टोपली सापडली होती. मातीने जाड लिंपलेली तिची बाजू तशीच होती. तुम्ही भिलाईला कामाला गेलात आणि माझ्या डोक्यात तेच घोळत राहिलं: अशा फळ्या करून छपराला खालून लावल्या तर?

निवडणुकीची पोस्टरं, शाळेची रद्दी, सगळं भिजवून कुटलं. माती कालवून चौकटीत दाबलं, फळ्या वाळवल्या. पहिल्या फळ्या चुलीजवळ धरल्या तर आतून धुमसत राहिल्या. माई म्हणाल्या, "कागदच तो, जळनच! कायले हात खराब करून राहिली?" दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनीच माती चाळून दिली. मग माती वाढवली, चुना घातला. सोनाराकडून टाकणखार आणून पाण्यात विरघळवला, तेव्हा कुठे धुमसणं थांबलं.

गावात कोणी घेईना. शेजारच्या शकुनबाईने तेवढ्या आपल्या चुलीवर, छपराच्या खालून ठोकून घेतल्या, त्याही माझं मन राखायला.

मागच्या मंगळवारी तिच्या कढईतलं तेल पेटलं. ओरडा ऐकून मी धावले, तर जाळ थेट वर फळ्यांना भिडलेला. बाहेर वारा सुटला होता, आणि आपली आळी सगळी भाताच्या तणसाच्या छपरांची. शकुनबाईने ओलं पोतं टाकून कढई झाकली. मी शिडीवर चढले. फळ्या खालून काळ्याठिक्कर. वरच्या फटीतून हात घातला, तर तणीस कोरडं, पिवळं, जसंच्या तसं!

"रुखमे, माहं घर रायलं वं!" म्हणत शकुनबाई उंबऱ्यावरच बसली आणि रडायला लागली. माई सगळ्यांना सांगत होत्या, "माह्या सुनेनं केल्या त्या फळ्या." आता बाया सकाळपासून दारात असतात, "मले बी शिकव." सरपंचांनी शाळेच्या छपरासाठी मागितल्या आहेत. खरं सांगते, एवढी ताठ मान करून मी या गावात कधी चालले नव्हते.

आता तुम्ही विचारलंत त्याबद्दल. भिलाईची खोली पक्की आहे, दारात नळ आहे, पावसाळ्याआधी सगळे या, असं लिहिता. मी येणार नाही. रागावू नका.

जळत्या छपराखालून तुम्ही केशरला उचलून आणलं. तेव्हापासून तुम्ही तणसाच्या छपराखाली पाय ठेवत नाही. मी पाहिलं आहे. आपण दोघंही त्यावर कधी बोललो नाही. कामासाठी गेलो, असं तुम्ही लोकांना सांगता, मीही तेच सांगते.

आपल्या जळालेल्या घराच्या जागेवर मी पुन्हा घर उभं केलं आहे. प्रत्येक खोलीला खालून फळ्या आहेत. राहायला या म्हणत नाही. आधी नुसतं पाहून जा. एक फळी स्वतःच्या हाताने चुलीत धरा, हवा तेवढा वेळ धरा. मग काय ते ठरवा.

आपलं घर बांधणारी,
तुमची रुखमिणी