बहुतेक साधी गाठ

मंगळवार, संध्याकाळ. आसेगाव.

तुरीची डाळ पाखडत होते, तेव्हा वंदी ओसरीवर डाव्या कुशीला हात लावून बसली. माझी लेक दुखणं सांगणारी नव्हे, म्हणून सूप खाली ठेवलं. त्याला आठ दिवस झाले.

आज वाशीमला सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, डाव्या बरगडीखालच्या पाणथरीत गाठ आहे. बहुतेक साधी. अशी क्वचितच सापडते, आणि सुई टोचून तुकडा काढावा तर आत रक्त वाहायची भीती. "मावशी, हिच्या पोटाची जुनी फिल्म आहे का? गाठ तेव्हाही एवढीच असेल, तर घाबरायचं काम नाही."

मी म्हटलं, "नाई जी."

खोटं. पाच वर्षांपूर्वी वंदी गाडीवरून पडली, तेव्हा पोटाचं सीटी स्कॅन झालं होतं. फिल्म यांच्या, वंदीच्या वडिलांच्या, शेवटच्या आजारपणाच्या कागदांत आहे. यांच्या गाठीलाही आधी बहुतेक साधीच म्हणाले होते. जुन्या फिल्मवर काही दिसलंच नाही तर? मग ही गाठ नवी, वाढणारी. पुढचं लिहवत नाही.

बसमध्ये वंदी म्हणाली, "माय, पोट माहं दुखून राह्यलं, अन् तोंड तुहं काहून उतरलं?" तिला फिल्म आठवत नसेल का? की माझ्याकडे पाहून गप्प बसली?

बहुतेक. या एका शब्दावर लेकीला किती दिवस ठेवू?

बुधवार. सकाळी वंदीला खरं सांगितलं. दोघी पहिल्या बसने वाशीमला गेलो आणि फिल्म डॉक्टरांच्या हातात दिली.