बाबांनी भरलेल्या पुंगळ्या

५ मार्च २०१७, रवि.

शूटिंग रेंजवरून तीनला परत. चाळीस राउंड मारले, अडतीस रिकाम्या पितळी पुंगळ्या सापडल्या, दोन गवतात गेल्या. बाबांनी दारातच हात पुढे केला. लेक कशी आहे ते नंतर, आधी पुंगळ्या. गॅरेजमध्ये काचेच्या तुकड्यावर एकेक लोळवून बघितली.

"बावीस बाद. कडा बघ. कुठल्या रेड्याने ओढून काढल्यात?"

रेडा म्हणजे माझी रायफल. मग मला, मेकॅनिकल इंजिनियरला, पहिलीतल्या पोरीला सांगावं तसं सांगितलं: नळीतला गॅस बोल्टला मागे ढकलतो, गॅस जास्त झाला की बोल्ट घाईने उघडतो, पुंगळी अजून आत चिकटलेली असते, आणि बोल्टचा हूक तिची कड फाडतो. हे दुपारभरात तीनदा. एकतीस वर्षं खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात पुंगळ्या तपासल्यात, ऐकून घ्यावं लागतं.

"गॅस कमी कर. चांगली पुंगळी सात-आठ वेळा भरता येते."

करते म्हटलं. ते बोलतायत हेच खूप. आई गेल्यावर त्यांना इथे परदेशात, हॅमिल्टनला आणलं तेव्हा तीन महिने खिडकीशी बसून होते. मग एकदा गॅरेजमध्ये माझी, रिकाम्या पुंगळीत नवी पावडर भरून गोळी बसवायची प्रेस दिसली. तेव्हापासून सकाळी दहाला दाढी, इस्त्रीचा शर्ट, एप्रन, हजर. हे काढून घेतलं तर माणूस परत त्या खिडकीत जाऊन बसेल. मला ते बघवणार नाही.

१२ मार्च, रवि.

नवीन गॅस ब्लॉक बसवला, स्क्रूने गॅस कमी-जास्त करता येतो तो. क्लबचा ट्रेवर शेजारी खुर्ची टाकून बसला. सत्तरीचा आहे, जांडल्समध्येच, म्हणजे रबरी चपलांतच, रेंजवर येतो. पद्धत सोपी: मॅगझिनमध्ये एकच राउंड. मारायचा, बोल्ट मागे जाऊन अडकला, म्हणजे गॅस पुरतोय, की स्क्रू एक क्लिक आत, गॅस कमी. परत.

"नाह, वन मोअर," ट्रेवर दर वेळी.

सातव्या क्लिकला बोल्ट अडकला नाही. दोन क्लिक मागे घेतला. त्यानंतरच्या सगळ्या पुंगळ्या उजव्या हाताला, टॉवेलभर जागेत पडल्या. "स्वीट ॲज," म्हणजे झकास, म्हणून तो जेवणाचा डबा उघडून सँडविच खायला लागला.

बाबांनी काचेवर लोळवल्या. एकही बाद नाही. दोनदा मोजल्या. रात्री जेवताना मंदारला सांगत होते, तुझी बायको कारखान्यात हवी होती. मंदारला बंदुकांचं वावडं, तरी हसला.

१८ मार्च, शनि.

बाबांचे राउंडचे दोन डबे भरून झाले. प्रत्येक डब्यात त्यांची चिठ्ठी असते: नग, तारीख, "तपासले", खाली वि. ग. जो. कारखान्याची सवय. त्या सहीनंतर तो माल कुणी उघडून बघायचा नाही, तो अपमान. मी चिठ्ठ्या खणात टाकते.

लायसन माझं, म्हणून पावडरच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आणि ते भरतात तेव्हा मी तिथे हजर असायला हवं. असते. लॅपटॉप घेऊन. आज ऑस्ट्रेलियाच्या कस्टमरचे पंप-ड्रॉइंगचे अठरा ईमेल संपवले.

२ एप्रिल, रवि.

हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे केली. रेंजवर कटकट. नवा डबा उघडला, पहिल्याच पाच पुंगळ्या पार ट्रेवरच्या खुर्चीपर्यंत उडाल्या. कडा परत फाटलेल्या. स्क्रू हलला असणार. दोन क्लिक आत. मग तीन राउंड नीट, चौथ्याला पुंगळी अर्धवट बाहेर येऊन अडकली. एक क्लिक बाहेर. परत उडाली. दिवसभर आत-बाहेर.

बाबा रागावले. "केलं होतंस ना नीट? का हात लावलास?"

९ एप्रिल, रवि.

तेच. स्क्रू घट्ट राहावा म्हणून लॉकटाइट लावलं होतं, हललेला नाही. स्प्रिंग बदलली. बोल्टमागचा बफर बदलला. हूक नवा. काही फरक नाही. एक पुंगळी दहा फुटांवर, पुढची पायाशी.

ट्रेवर म्हणाला, "हू लोड्स दीज?" माझे वडील, एकतीस वर्षं इन्स्पेक्टर होते. तो "अह" म्हणाला आणि टोपी नीट केली. त्या "अह"चा मला राग आला.

१२ एप्रिल, बुध.

मंदार: बाबांनी आज मला तिसऱ्यांदा विचारलं, गाडी कुठल्या सालची.

मी: म्हातारी माणसं विचारतात. तुझी आई नाही का एकच रेसिपी दर रविवारी सांगत.

मंदार: तसं नाही गं, नंदिनी.

मी भांडी घासायला गेले. डिशवॉशर असताना.

२३ एप्रिल, रवि.

गॅस पोर्टच, नळीतलं गॅसचं भोक, मोठा ड्रिल झालाय असं ठरवलं. आठवडाभर लंचमध्ये ऑफिसच्या वर्कशॉपात भोक मोजायची पिन गेज घेऊन बसले. पोर्ट बरोबर आहे. एक्सेलमध्ये तक्ता केला: क्लिक, अंतर, कड. आलेखाला ना शेंडा ना बुडखा. बारा वर्षं दुधाच्या पंपांचे बिघाड शोधतेय, असा मूर्ख आलेख बघितला नाही.

३० एप्रिल, रवि.

ट्रेवरने न विचारता त्याच्याकडचा दुकानातला, कंपनीचा डबा समोर ठेवला. "हॅव अ गो विथ दीज."

वीस राउंड. वीसच्या वीस पुंगळ्या टॉवेलभर जागेत. कडा स्वच्छ.

तो खुर्ची घडी करायला लागला. गाडीत बसल्यावर इंजिन सुरू करायला पाच मिनिटं लागली.

रायफल मार्चपासून ठीक आहे.

१ मे, सोम.

सुट्टी टाकली. बाबा दुपारी आडवे झाले तेव्हा त्यांचा एक डबा उघडला. सहीनंतर. पंचवीस गोळ्या उपटल्या, पावडर एकेक करून तराजूवर. सोळा बरोबर. पाच कमी, अडकायच्या त्या असल्याच. चार जास्त, त्यातली एक इतकी जास्त की ती पावडर ताटलीत ओतून मी स्टुलावर बसून राहिले. ती मी येत्या रविवारी गालाजवळ धरून उडवणार होते.

मग खणातल्या चिठ्ठ्या वाचल्या. आजवर एकही वाचली नव्हती. फेब्रुवारीच्या नीट. मार्चअखेरच्या एकीवर साल १९८६. एकीवर नगसंख्या दोनदा. एकीवर तारखेच्या जागी आईचं नाव. अक्षर मात्र छापल्यासारखं.

हे सगळं माझ्यासमोर झालं. दोन हातांच्या अंतरावर बसून मी ईमेल करत होते. रायफलीचा नट न् नट उघडला, आणि बापाच्या हातांकडे एकदाही बघितलं नाही, कारण ते हात चुकतील हे डोक्यातच आलं नाही.

२ मे, मंगळ.

मंदारला सांगितलं. "आजपासून बंद. आत्ता." मी म्हटलं, बंद करून त्यांना कुठे बसवू, खिडकीत? तो म्हणाला, तुझा डोळा गेला तर? दोघांचंही बरोबर होतं म्हणून भांडण लांबलं.

तोडगा माझा: ते भरतील, नंतर मी गुपचूप प्रत्येक राउंड उघडून परत भरीन. मंदार म्हणाला, हा तोडगा नाही, नाटक आहे, त्यांना खरं सांगून टाक. बरं, नाटक.

१९ मे, शुक्र.

जीपीकडे. डॉक्टरबाई चांगली, कोरियन, हळू बोलते. तिने तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. बाबांनी तिला पितळेत तांबं आणि जस्त किती ते सांगितलं, बरोबर सांगितलं. तीन शब्दांतला एकही नाही. महिना विचारला तर माझ्याकडे बघितलं. लहानपणी पाढा अडला की मी त्यांच्याकडे बघायचे तसं. मी खाली बघितलं. मेमरी क्लिनिकला पत्र जाणार, वेटिंग आहे.

गाडीत: "बाई हुशार आहे. पण मला कशाला नेलं होतंस?"

९ जून, शुक्र.

शुक्रवारी घरून काम, म्हणजे हेच काम. ते दोन ते साडेतीन झोपतात. तेवढ्यात पन्नास उपटून, वजन करून, परत बसवते. चिठ्ठी होती तशी आत. बाहेर दिवसभर धुकं, गॅरेजचा हीटर लावत नाही, आवाजाने जागे होतील. बोटं बधिर. चोरी केल्यासारखं वाटतं. चोरीच आहे.

१८ जून, रवि.

क्लबची मॅच, तिसरी आले. सगळ्या पुंगळ्या बाबांनी काचेवर लोळवल्या, सगळ्या पास.

"आता शहाणी झाली तुझी रायफल. शाब्बास नंदू."

लहानपणापासून हा शब्द त्यांच्या तोंडून चार-पाचदा ऐकला असेल. खाली मान घालून घेतला. फार लाज वाटली.

२३ जून, शुक्र.

आज कळलं त्यांना.

झोपले नव्हते, नुसते पडले होते. मी मागचं कपाट लावत होते आणि ते मागे उभे. भरलेल्या डब्यातला एक राउंड उचलला, काचेवर लोळवला, चष्मा वर करून बघितला.

"ही गोळी मी बसवलेली नाही."

गोळी पुंगळीत केसभर कमी-जास्त खोल बसली असेल. साल आठवत नाही, पण हे दिसतं. म्हणायला हवं होतं, तुम्हीच बसवली बाबा. त्यांच्याशी खोटं बोलायची सवय नाही.

"किती डबे उघडलेस?"

"मेपासूनचे सगळे."

"काय सापडलं?"

वजनांचा कागद दिला. उभ्यानेच वाचला, बोट प्रत्येक आकड्याखाली, परक्या कुणाचा माल तपासावा तसा. दोन आकड्यांवर थांबले. मग विचारलं, ह्यातल्या तू किती उडवल्यास? मी म्हटलं, एप्रिलभर.

एप्रन काढून घडी केला. "असा माल मी कुणाचा पास केला नसता. तुला लागलं असतं, नंदू." आणि रडले. आईच्या वेळी नव्हते रडले. मी त्यांना धरलं, तर माझ्यापेक्षा बारीक लागले हाताला.

चहा घेताना म्हणाले, "कपाटाची किल्ली लपव. मी मागितली तरी देऊ नकोस. उद्यापासून तू भर, मी नुसता बघीन."

रात्री गाढ झोपले. मलाही सुटल्यासारखं वाटलं. मंदारला म्हटलं, उगाच घाबरत होते, सांगायला हवं होतं आधीच.

२४ जून, शनि.

दहाला दाढी, इस्त्रीचा शर्ट, एप्रन. "किल्ली आण गं, उशीर झाला."

थट्टा करतायत वाटलं. चेहरा बघितला. थट्टा नव्हती.

परत सांगितलं सगळं. कागद परत. बोट परत त्याच दोन आकड्यांवर. "तुला लागलं असतं, नंदू." परत तसेच रडले, अगदी पहिल्यांदा कळल्यासारखे. कारण पहिल्यांदाच कळलं होतं.

२५ जून, रवि.

रेंजवर गेले नाही. दहाला तेच. तिसऱ्यांदा सांगितलं. कागद दाखवायच्या आधी मी स्वतःच रडायला लागले, तर माझ्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "काय गं, मंदार काही बोलला का?"

मंदार म्हणतो, आता बास. पावडर संपली म्हण, मागवलीय म्हण. रोज सकाळी त्या माणसाला नापास करू नकोस. हाच मंदार मेमध्ये म्हणत होता, खरं सांगून टाक. मी म्हटलं, त्यांनीच सांगितलंय, मागितली तरी देऊ नकोस. तो म्हणाला, देऊ नकोस, पण कारण सांगायलाच हवं असं कुठे म्हणाले?

मला त्यांच्याशी खोटं बोलायचं नाही. आणि त्यांना परत तसं बघायचंही नाही.

२६ जून, सोम.

दहा वाजून पाच. निळा शर्ट. "नंदू, किल्ली?"

रात्रभर ठरवलं होतं, संपली म्हणायचं. तोंड उघडलं आणि आलं नाही. खरंही आलं नाही. म्हटलं, आधी चहा घेऊ बाबा.

"बरं. पण लवकर हां, काल पुंगळ्या धुऊन ठेवल्यात."

धुतल्यात खरंच, एका रांगेत, टॉवेलवर. चहा उकळून झाला, गाळला, दोन कप भरले. ते आत स्टुलावर बसून माझी वाट बघतायत. मी ओट्याशी उभी राहून हे लिहितेय, आणि चहा निवतोय.