आप्पांच्या आवाजाची सीडी

९ नोव्हें., रविवार. बोरगाव.
माझ्या भावाने, अण्णाने, आईचा सीडी प्लेअर भंगारात काढला होता, पोत्यात घालून दारात ठेवलेला. आईने पोतं चाचपून ओळखला आणि मांडीवर घेऊन बसली. जेवायला उठवायला गेले तर म्हणाली, "ह्येला आत ठेव, मग उठतो."

त्याच्या जागी अण्णाने नवा स्पीकर आणलाय. हाक मारली की गाणं लावतो म्हणे. आईने स्तोत्र मागितलं, त्याने लग्नातलं गाणं लावलं. अण्णा म्हणतो, जरा स्पष्ट बोल. आई: "मी त्येला हाका मारत बसू व्हय? त्ये माझं कोण लागतंय? बटण दे मला. बोट चालतंय अजून."

बरोबर आहे तिचं. डोळे गेल्यापासून पाण्याच्या तांब्यापासून सगळं दुसऱ्याला मागावं लागतं. तो प्लेअर तेवढा तिच्या हुकमात आहे.

आप्पा जाऊन वर्ष होत आलं. रोज सकाळी ते घरात स्तोत्र म्हणायचे, अधूनमधून फोनवर भरून मला पाठवायचे. मधे अर्थ सांगायचे, मराठीत सुरू करून कन्नडमध्ये संपवायचे. सगळं आहे माझ्या फोनमध्ये. त्याची सीडी करणार. अण्णाला सांगून टाकलं. तो हसला. हसू दे.

११ नोव्हें., मंगळ. बेळगाव.
शाळा सुटल्यावर खडेबाजार पालथा घातला. कोऱ्या सीडी कुठेच नाहीत. एक दुकानदार: "बाई, पेनड्राइव्ह घ्या की." नको म्हटलं ना. शेवटी लॅमिनेशनवाल्याकडे मिळाल्या, धूळ पुसून दिल्या त्याने. लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही. आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या बाईंकडून बाहेरून जोडायचा रायटर आणला.

१६ नोव्हें., रवि. बोरगाव.
फजिती. फोनमधल्या फाइली होत्या तशा सीडीवर उतरवल्या होत्या. लॅपटॉपवर छान वाजल्या. आईच्या प्लेअरला सीडी दिसतच नाही. अण्णा: "झालं समाधान?" नाही झालं.

१७ नोव्हें., सोम.
कॉम्प्युटरच्या बाईंनी सांगितलं. जुन्या प्लेअरला नुसत्या फाइली कळत नाहीत. आधी त्या wav प्रकारात बदलायच्या, मग 'ऑडिओ सीडी' म्हणून लिहायच्या. हे आधी सांगायला काय झालं होतं? (मीही विचारलं नव्हतं म्हणा.)

१९ नोव्हें., बुध.
जमलं. wav फार जागा खातात, एका सीडीत जेमतेम सव्वा तास मावतो. आप्पा तर प्रत्येक ओळीनंतर थांबतात. मग सॉफ्टवेअरमधून मधली शांतता कापली, भांड्यांचा आवाजही काढला. सगळं एका सीडीत बसलं. आवाज कसा लख्ख. स्वतःवर खूश.

२३ नोव्हें., रवि. बोरगाव.
वाजली. आप्पांचा आवाज आला तशी आई सावरून बसली, पदर डोक्यावर घेतला. आणि ओठ हलायला लागले. पण ती मागे पडत गेली. आप्पा पुढच्या ओळीवर, ही मागच्याच. चार ओळींत दमली. बटण दाबून बंद केलं.

"ह्ये तुझं आप्पा न्हवंत. त्यानी माझ्यासाठी थांबायचे."

ते एक ओळ म्हणायचे, ही स्वयंपाकघरातून तीच ओळ म्हणायची, मग ते पुढे. लग्न झाल्यापासून तसंच. आईला वाचता येत नव्हतं, स्तोत्र असं ओळीओळीने शिकली. मी तिची पाळीच कापून टाकली.

अण्णा म्हणाला, "एवढ्यासाठी परत सीडी करणार?" 
मी: "व्हय. एवढ्यासाठीच."


२६ नोव्हें., बुध.
मूळ फाइली हेडफोन लावून ऐकल्या. आप्पा थांबतात. नळ चालू आहे, भांडी वाजतायत, आणि त्यांच्या मागे, लांबून, आई. स्पष्ट. ओळ पूर्ण म्हणते. ह्याला मी गोंगाट म्हणून पुसत होते. आप्पा गेल्यावर रडले नव्हते तेवढी आज रडले.

काही काढायचं नाही. खोकला नाही, भांडी नाहीत, कन्नड नाही. एकाच्या तीन सीडी होऊ देत.

३० नोव्हें., रवि. बोरगाव.
लावली. आप्पा थांबले, आईने ओळ म्हटली. सीडीतल्या आईनेही म्हटली. हिने कान प्लेअरकडे नेला. मग म्हणाली, "लई घाई करायची मी तवा."

अण्णा उंबऱ्यात उभा होता. आत आला नाही, गेलाही नाही. थोड्या वेळाने मला म्हणाला, "ह्या प्लेअरची लेन्स गेली की संपलं. पार्ट मिळत न्हाईत आता."
म्हटलं, दुसरा प्लेअर शोधेन. कोल्हापूर, मिरज, कुठून तरी. नाहीच मिळाला तर... बघू.

दुसऱ्या सीडीत एके ठिकाणी आप्पा शब्द चुकलेत. माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आईच्या आलं.
"चुकलं. परत म्हणा."
आणि अंगठ्याने मागे न्यायचं बटण दाबलं. आप्पांनी पहिल्यापासून म्हटलं. तिथेच चुकले.
"परत."
बसची वेळ झाली म्हणून मी निघाले. ती काही सोडत नव्हती त्यांना.