बुडालेल्या बँकेच्या नोटा

क्रेन फोर्क, नेब्रास्का
९ मार्च १९२४

प्रिय ओता,

तुझं कार्ड पोचलं. कॅन्सस सिटीचा शिक्का, पत्ता कुठल्याशा खानावळीचा, आणि मजकूर एवढाच की मी बरा आहे, काळजी नसावी. इकडेही सगळं ठीक आहे असं लिहायची रीत असते, म्हणून लिहिते. अनेझ्काचा खोकला गेला. तांबडी गाय व्यायली, कालवड झाली. बर्फ वितळायला लागलंय आणि अंगणात घोटाभर चिखल आहे. बाबा आता आपल्याकडेच असतात. खालच्या खोलीत त्यांची खाट टाकली आहे. त्यांचं खोगिरांचं दुकान बंद केलं. आऱ्या, सुऱ्या, शिवताना कातडं धरायचा लाकडी घोडा, सगळं परवा विकलं. घेणारा घासाघीस करत होता तेव्हा बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते.

त्याबद्दल लिहिते पुढे.

आधी बँकेचं. तू रविवारी संध्याकाळच्या गाडीने निघालास. "ओमाहाच्या मोठ्या बँकेकडून हातउसने आणतो, बुधवारी घरी," असं म्हणालास. सोमवारी बँकेच्या दारावर ती बंद झाल्याचा कागद लागला होता. मी रस्त्याच्या पलीकडे उभी होते. बोहेमियाहून आलेली आपली सगळी वस्ती तिथे जमली होती, कारण काउंटरमागे आपला माणूस आहे म्हणूनच तर त्यांनी अमेरिकन साहेबांच्या बँकेत पैसे टाकले होते. बँकेचे अध्यक्ष स्टॉडर्डसाहेब गेल्या हिवाळ्यात वारले, ते सुटले. राहिलास तू, त्यांचा कॅशियर.

"कुठाय गं तुझा नवरा?" विधवा झेलेंकाने विचारलं.

"ओमाहाला. बुधवारी येतोय."

"येतोय! बायांनो, ऐकलंत? बुधवारी येतोय म्हणे! मेक्सिकोला पळालेल्यांची गाडी परत कुठल्या वारी असते गं?"

सगळे हसले. मीही हसले असते, पण बुधवार आला, गुरुवार आला. शनिवारी सरकारने नेमलेले मि. प्रॅदर आले. बुडीत बँका आवरणं हेच त्यांचं काम. शांत माणूस, सतत नाक पुसणारा. त्यांनी तिजोरी उघडली, दप्तर तपासलं आणि मला बोलावून सांगितलं, "मिसेस कुचेरा, तुमच्या नवऱ्याने एक छदामही उचललेला नाही. मक्याचा भाव पडला, जमिनींचे भाव पडले, दिलेली कर्जं बुडाली. आजूबाजूच्या निम्म्या बँकांचं हेच झालंय. मग हा माणूस पळाला कशाला?"

ओता, तू चोरी केली असतीस तर मला समजलं असतं. चोरी न करता पळालास, हे मला अजून समजत नाही.  

तुला आठवतं, वॉशिंग्टनहून आपल्या बँकेच्या नावाने छापलेल्या, तुझ्या सहीच्या नोटांचा पहिला गठ्ठा आला तो दिवस? एकेका मोठ्या तावावर चार-चार नोटा, आपल्या गावाचं नाव ठळक अक्षरांत, आणि सहीची जागा कोरी. स्टॉडर्डसाहेबांनी एका बाजूला सही केली, तू दुसऱ्या. सह्या करता करता तू मध्येच उठून बाहेर जाऊन आलास. मी माझ्या शिवणाच्या कात्रीने त्या कापत होते आणि बाबा टोपी काढून बघत उभे होते, चर्चमध्ये उभे राहावं तसे. "तिकडे नोटेवर सम्राटाचं नाव असायचं," ते म्हणाले. "इथे माझ्या जावयाचं आहे!" तेव्हापासून त्यांच्या हाती कुठलीही नोट आली की ते बँकेत जाऊन ती बदलून तुझ्या सहीची घ्यायचे. ठेव वेगळी होती, शेत विकल्याची. ती बँकेत होती, म्हणजे ती गेली. पण या नोटा त्यांच्या घरी कॉफीच्या डब्यात होत्या. हे मला माहीत नव्हतं. तुला होतं का?

मंगळवारी दुपारी ते तो डबा घेऊन आले. मी कोलाचे, आपले ते गोड पाव, भाजायला चूल पेटवली होती. यंदा सगळेच मक्याची दाण्यांसकट कणसं जाळतात. बाजारात नेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. कणसांचा जाळ कसा भडकतो तुला ठाऊक आहे. बाबा बसलेसुद्धा नाहीत. लोखंडी चुलीवरचं झाकण आकड्याने उचललं आणि डब्यातल्या नोटा मूठमूठ आत टाकायला लागले.

"बाबा! काय करताय?"

"कचरा जाळतोय."

"बाबा, त्या नोटा चांगल्या आहेत! बँक बुडाली तरी नोट बुडत नाही. तेवढ्या किमतीचे रोखे सरकारकडे ठेवल्याशिवाय छापतच नाहीत. ओतानेच सांगितलंय मला!"

ते माझ्याकडे वळले. त्यांच्या तोंडावर राग असता तर बरं झालं असतं.

"ओताने सांगितलं," ते म्हणाले. "ठेव सुरक्षित आहे, हे कुणी सांगितलं होतं? बुधवारी येतो, हे कुणी सांगितलं होतं? तू त्याची बायको आहेस ब्लाझेना. तुझं मी का ऐकू?"

मी त्यांची मुलगी आहे, हे म्हणायलाही मला सुचलं नाही. त्यांनी उरलेला डबा चुलीत उपडा केला.

तेवढ्यात मि. प्रॅदर आले, तू घरी ठेवलेल्या बँकेच्या किल्ल्या मागायला. दारातूनच त्यांनी पाहिलं आणि ओरडले, "अहो, वेड लागलंय का? खरा पैसा आहे तो! अमेरिकेत कुठेही चालेल!"

ओता, परक्या माणसाचं बाबांनी ताबडतोब खरं मानलं. क्षणसुद्धा थांबले नाहीत. बाही वर केली नाही, आकडा शोधला नाही. उजवा हात कोपरापर्यंत चुलीत घातला.

आवाज कसला आला ते मी लिहिणार नाही. मी आणि मि. प्रॅदरनी त्यांना मागे ओढलं. ते ओरडत नव्हते. मूठ घट्ट मिटलेली, तिच्यातून धूर येत होता, नोटांचे काठ लाल होऊन विझत होते. आणि एक सांगते, हे मी पाद्रीबाबांनाही सांगितलेलं नाही: त्या पहिल्या क्षणी माझी नजर हातावर नव्हती. किती नोटा वाचल्या, ते मी बघत होते.

डॉ. लुंडनी मूठ उघडली. चार दिवसांनी जखमेचं विष अंगात चढायला लागलं तेव्हा मनगटाच्या वरून हात काढावा लागला. उजवा हात, खोगीर शिवणारा. मुठीतल्या नोटा मि. प्रॅदरनी वॉशिंग्टनला पाठवल्या आहेत. अर्ध्याहून जास्त शाबूत असलेल्यांचे पैसे मिळतात म्हणे. आले तर डॉक्टरांचे फिटतील.

मी सुन्न होऊन कामं करते. सूप भरवायला गेले की बाबा डाव्या हाताने चमचा काढून घेतात, सांडतात, पुसतात. वाण्याकडे काल मला सुटे म्हणून पाचाची नोट मिळाली, तिच्यावर तुझी सही.  चालतेय अजून, सगळीकडे चालतेय. अनेझ्का विचारते पप्पा कधी येणार, तर मी सांगते, काम संपलं की. हेही खोटंच.

मी फार विचार केला. तू सोमवारी त्या दारात उभा राहून नुसतं एवढं म्हणाला असतास, "ठेवी गेल्या, पण नोटा खऱ्या आहेत," तर लोकांनी तुला शिव्या घातल्या असत्या, झेलेंका तोंडावर थुंकली असती, पण बाबांनी तुझं ऐकलं असतं. तुझं त्यांनी नेहमीच ऐकलं. आणि त्या डब्यातले पैसे आज आमच्या हाताशी असते. मला दुसरं काही तुझ्याकडून नको होतं. तेवढं वाक्य हवं होतं.

अठ्ठावीस तारखेला आपल्या वस्तीच्या सोकोल हॉलमध्ये ठेवीदारांची सभा आहे. कुणाला किती परत मिळेल ते मि. प्रॅदर सांगणार आहेत. कुठलं कर्ज का दिलं, कोण फेडू शकेल, हे त्यांना सांगायला तूच हवास. लोक ओरडतील. एखादा हात उचलेल. पोलीस तुला धरणार नाहीत, हे मि. प्रॅदरनी मला दोनदा सांगितलं.

काल रात्री बाबांना म्हटलं, ओताला पत्र लिहिते आहे.  ते म्हणाले, "हाताचं त्याला कळवू नकोस. आधीच भ्यालाय पोरगा. हे कळलं तर कधीच येणार नाही."

त्यांचं मी ऐकलं नाही. सगळं कळवलंय. हे कळूनही येईल, असा नवरा मला हवा आहे.

सभेपर्यंत तुझी,
ब्लाझेना